विचारा तर खरं : आडनाव नसलेल्यांचा देश

प्रश्न : आइसलँडमध्ये कुणालाच आडनाव नसतं म्हणे. मग माणसं एकमेकांना शोधतात कशी?

उत्तर : कुणालाच नाही असं नाही, मोजक्या घराण्यांत आडनाव चालत आलंय. बाकीच्यांचं वडिलांच्या, क्वचित आईच्या नावावर भागतं. मुलगा असेल तर त्या नावाला ‘सोन’ जोडायचं, मुलगी असेल तर ‘डोत्तिर’. १९८० साली लोकांनी निवडून दिलेल्या राष्ट्राध्यक्ष व्हिग्दिस फिनबोगाडोत्तिर म्हणजे फिनबोगींची मुलगी. लोकांच्या मतांनी या पदावर आलेली जगातली ती पहिली स्त्री. लग्नानंतर नाव बदलत नाही, त्यामुळे नवरा, बायको, मुलगा, मुलगी अशा चौघांच्या दारावर चार वेगळी नावं असू शकतात आणि पोस्टमनला त्यात काही वावगं वाटत नाही. टेलिफोन डिरेक्टरी पहिल्या नावानेच लावायचे, आणि एकाच नावाचे ढीगभर निघणार म्हणून शेजारी व्यवसायही छापायचे. पंतप्रधानांचा उल्लेखही पहिल्या नावानेच. गायिका ब्यर्क नुसतं ‘ब्यर्क’ लावते, तो काही तोरा नव्हे.

मोकळीक मात्र मर्यादित. नवीन नाव ठेवायचं तर ते १९९१ पासून असलेल्या सरकारी नाव-समितीला पटावं लागतं. भाषेच्या विभक्ती त्याला नीट लागायला हव्यात. एका मुलीच्या आईने ठेवलेलं नाव पुरुषी ठरलं, म्हणून सरकारी कागदांवर ती वर्षानुवर्षं नुसती ‘मुलगी’ होती. २०१३ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, ती कोर्टात जिंकली. मला विचाराल तर समितीने हसं करून घेतलं.

प्रश्न : तिथे बियरवर बंदी होती, हे खरं का?

उत्तर : खरं, आणि गंमत म्हणजे कडक दारू चालत होती! १९१५ मध्ये सगळ्याच दारूवर बंदी आली. मग स्पेन अडून बसला, आमची वाइन घेणार नसाल तर तुमचे मासे आम्हाला नकोत. मासे हीच कमाई, त्यामुळे १९२२ मध्ये वाइन सुटली. १९३५ मध्ये कडक दारूही सुटली. बियर तेवढी अडकली ती थेट १ मार्च १९८९ पर्यंत. तोवर लोक बंदीत न येणाऱ्या हलक्या बियरमध्ये वोडका ओतून काम चालवत.

प्रश्न : एवढ्या थंडीत घरं गरम ठेवायला खर्च किती येत असेल?

उत्तर : इथे आइसलँडचं नशीब जोरावर आहे. जमिनीखालीच उष्णता असल्यामुळे दहातली नऊ घरं तिच्यावरच ऊबदार राहतात. राजधानी रेक्याविकजवळच्या ज्या गरम झऱ्यांवर बायका पूर्वी धुणं घेऊन चालत जात, तिथूनच १९३० मध्ये नळ टाकून एक शाळा आणि काही घरं तापवायला सुरुवात झाली. तरी बऱ्याच घरांत कोळसा आणि तेल जळतच होतं. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा बाकीचा देशही जमिनीकडे वळला. आता नेस्यावेत्लिर इथल्या, जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या केंद्रातून राजधानीपर्यंत २७ किलोमीटर पाईपातून गरम पाणी येतं आणि वाटेत जेमतेम दोन अंश थंड होतं. घरं तापवून कोमट झालेलं पाणीसुद्धा वाया जात नाही, ते फुटपाथखालून फिरवून बर्फ वितळवतात.

जाणार असाल तर दोन गोष्टी. गरम नळाच्या पाण्याला गंधकाचा, म्हणजे उकडलेल्या अंड्यासारखा, वास येतो. आंघोळीआधी चांदीची अंगठी काढून ठेवा, नाहीतर काळी पडते. प्यायचं पाणी थंड नळाचं, ते थोडं वाहू द्या आणि बिनधास्त प्या. बाटली विकत घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. दुसरं, गरम पाण्याच्या सार्वजनिक तलावात उतरण्यापूर्वी कपडे पूर्ण काढून साबणाने आंघोळ करावी लागते. कुठे कुठे साबण लावायचा, हे दाखवणारं माणसाचं चित्रच भिंतीवर असतं. लाजून पोहण्याच्या कपड्यांवरच शॉवर उरकायला गेलात, तर तिथला कर्मचारी सगळ्यांदेखत परत पाठवतो.