वॉशिंग्टन हे आडनाव कुठून आलं?

वॉशिंग्टन या आडनावाचा इंग्रजीतल्या 'वॉश'शी, म्हणजे धुण्याशी काही संबंध आहे का, असा प्रश्न आला आहे. अजिबात नाही. हे आडनाव गावावरून आलं आहे, आणि ते गाव ईशान्य इंग्लंडमध्ये न्यूकॅसल आणि संडरलंड यांच्या मधे आजही आहे.

गावाच्या नावाची फोड जुन्या इंग्रजीत करावी लागते: ह्वॅसा, इंग आणि टून. ह्वॅसा हे कुणा माणसाचं नाव असं अभ्यासक मानतात. 'इंग' म्हणजे त्याची माणसं, त्याचं कूळ. खरी गंमत 'टून'मध्ये आहे. त्याचा मूळ अर्थ कुंपण, कुंपण घातलेली जागा. जर्मनमधलं त्याचं भावंड 'त्साउन' अजूनही कुंपणच. इंग्रजीत मात्र कुंपणावरून आतली शेतवस्ती, मग गाव, आणि शेवटी 'टाउन' असा अर्थ पसरत गेला. आपल्या 'वाडी'चा प्रवासही असाच आहे. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा. त्याच घरातल्या 'वाटिका'ची 'वाडी' झाली. तेव्हा वॉशिंग्टनला मराठीत 'ह्वॅसाच्या माणसांची वाडी' म्हणायला मला संकोच वाटत नाही.

आता गावाचं आडनाव कसं झालं ते. डरहमच्या बिशपने 1183 मध्ये आपल्या जमिनींची आणि त्यांवरच्या येणे वसुलीची नोंदवही करवून घेतली, तिला बोल्डन बुक म्हणतात. विल्यम द हर्टबर्न याने हर्टबर्न गाव सोडून बदल्यात वॉशिंग्टन घेतलं, असं त्यात लिहिलं आहे. गाव बदललं तसं नावही बदललं. घराणं वॉशिंग्टनचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं. यातला 'द' फ्रेंच, म्हणजे आपला 'चा'. पुढे तो गळाला आणि नुसतं ग्रामनाम उरलं. मराठीत 'कर' टिकून राहिला, म्हणून सातारकर म्हणताच गाव कळतं. इंग्रजीत ती खूणच पुसली गेली, म्हणून त्यात धुणं ऐकू येतं.

या घराण्याच्या एका शाखेने 1539 मध्ये नॉर्थॅम्प्टनशरमधलं सल्ग्रेव्ह विकत घेतलं. त्याच शाखेतला जॉन 1650 च्या दशकात व्हर्जिनियाला गेला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू. 1791 मध्ये जॉर्जवरून अमेरिकेच्या राजधानीचं नाव ठरलं, म्हणजे माणसाचं गाव, गावाचं आडनाव आणि आडनावाचं पुन्हा शहर झालं.

आणि आज हे आडनाव लावणारे कोण? अमेरिकेच्या 2000 च्या जनगणनेत त्यांतले सुमारे 90 टक्के लोक कृष्णवर्णीय होते. गुलामीतून सुटलेल्या अनेकांना आडनाव स्वतःच निवडावं लागलं. गुलामीत जन्मलेले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांना लहानपणी शाळेत पूर्ण नाव विचारलं, तेव्हा त्यांच्याकडे फक्त 'बुकर' होतं. त्यांनी तिथल्या तिथे 'वॉशिंग्टन' सांगितलं. ते त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव होतं.