वळसा हाताने काढ

प्रिय पोरी,

तुझी वही वाचली. विश्व निवताना अडकून राहणारे दोष, म्हणजे डोमेन वॉल (भिंती), कॉस्मिक स्ट्रिंग (दोऱ्या), मोनोपोल (एकच चुंबकीय ध्रुव असलेले कण), सगळं ओळीनं मांडलंयस. मला आवडला तो कडेला पेन्सिलीनं लिहिलेला प्रश्न: इलेक्ट्रोवीक सिमेट्री (विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांची एकत्र सममिती) मोडल्यावरही यू(१), म्हणजे वर्तुळासारखा ग्रुप, उरतो, तिथे मोनोपोल नाही, मग एसयू(५), म्हणजे तीन बलांना एकत्र बांधणारा मोठा ग्रुप, मोडल्यावर का? आणि पुढे लिहिलंस, ‘पाठ करणे’. ते आधी खोड.

उरलेल्या ग्रुपमधला (ग्रुप म्हणजे सिमेट्रीच्या सगळ्या बदलांचा संच) वळसा, म्हणजे बंद वाट, हाताने काढ. मग तो मूळ ग्रुपमध्ये आवळून बघ. एसयू(५)मध्ये कुठलाही वळसा आवळत नेला की संपतो. उरलेल्या यू(१)मध्ये न सुटणारा वळसा तिथे सुटतो, म्हणून मोनोपोल टळत नाही. इलेक्ट्रोवीकमध्ये मुळातच हायपरचार्जचा (विद्युतभाराच्या जातीच्या एका भाराचा) यू(१) बसलाय. रंकाळ्याच्या काठानं टाकलेला दोर पाण्यात न उतरवता आवळून दाखव बरं! तसा तो वळसा अडकतो, मोनोपोल नाही. एवढंच होतं गं. पण वळसा काढलाच नाहीस.

भौतिकशास्त्रज्ञ किबलनं १९७६ मध्ये सांगितलं ते याच्यावरच उभं आहे. तापलेलं विश्व निवताना लांबलांबच्या भागांना एकमेकांची खबर नसते, जो तो आपली दिशा निवडतो. सांध्यात काय अडकेल ते टोपोलॉजी (अशा वळशांचं गणित) ठरवते. प्रोटॉनच्या दहाचा सोळावा घात इतकी पट जड मोनोपोल! प्रेस्किलनं १९७९ मध्ये दाखवलं की ते विश्वाला न पेलवण्याइतके उरले असते. गुथ इन्फ्लेशनपर्यंत (विश्व सुरुवातीला झपाट्यानं फुगलं, या कल्पनेपर्यंत) पोचला तो याच अडचणीतून. (स्टॅनफर्डला १४ फेब्रुवारी १९८२ रोजी कब्रेराच्या मोनोपोल शोधणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात एक संकेत आला, हुबेहूब मोनोपोलसारखा. पुन्हा कधी नाही.)

फळ्यावर वळसे काढत बसतो, सिलॅबस संपवत नाही, हे मी वर्षानुवर्षं ऐकलं. नाही संपवला. घरच्या आजारपणात संशोधनाला बाहेर जायचं राहिलं, ते अजून सलतं. पण पोरांकडून वळसे काढून घेतले त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. मार्कांचं तू घरच्यांना सांग, मला नको.

आता एसयू(५)पेक्षा मोठा एसओ(१०) घे, खरं तर त्याचं दुपदरी रूप, स्पिन(१०). १२६ घटकांच्या हिग्ज क्षेत्रानं मोड. एसयू(५) आणि सोबत झेड-२ (दोनच घटकांचा ग्रुप) उरेल. उरलेला ग्रुप दोन तुकड्यांत आहे; एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणारी वाट मूळ ग्रुपमधून काढ. स्ट्रिंग मिळते का, ते मला विचारू नकोस, काढ. रविवारी दुपारनंतर मी घरी असतो.

— सर