पहिला वस्तरा घेताना
पहिला वस्तरा ५/८ इंच रुंदीचा आणि गोल टोकाचा घे. चौकोनी टोक कानाशी हमखास चावतं. झोलिंगेनचं, म्हणजे पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मन गावचं, जुनं पातंही चालेल, पण उजेडात धरून धारेलगत नीट बघ. सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसले तर सरळ परत ठेव, मग म्हापशाच्या बाजारात कितीही स्वस्तात मिळो. मूठ शिसवी की शिंगाची, हे सध्या सोडून दे. आपल्याकडच्या पावसात कार्बन पोलादाला गंज धरायला रात्र पुरते, म्हणून स्टेनलेसच बरा. तरीही कोरडा पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावायचाच. नव्या वस्तऱ्याची धार बहुतेकदा दाढीजोगी नसते. जाणकाराकडून दगडावर लावून घे. दाढीआधी वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा मात्र पहिल्या दिवसापासून हवा, आणि स्वस्तातलाच, कारण पहिला पट्टा तू कापणारच आहेस.