पित्त उठलेलं नाही, तुंबलंय

प्रश्न असा आला आहे: "आईला पीबीसी हा यकृताचा आजार आहे. रात्री अंगाला भयंकर खाज सुटते आणि दिवसभर ती गळून गेलेली असते. घरात सगळे 'पित्त उठलंय' म्हणतात. डॉक्टरही खाज पित्तामुळेच आहे म्हणाले. मग हा शब्दप्रयोग बरोबरच ना?"

नाही, साफ चूक. आणि ही चूक मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ऐकवत नाही. पित्त उठतं तेव्हा अंगावर गांधी येतात, लाल, फुगलेल्या. तो हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या द्रव्याचा, खेळ. ॲलर्जीची गोळी घेतली की बहुधा उतरतो. पीबीसीत गांधी नसतात, पुरळ नसतं. दिसतात त्या फक्त नखांच्या रेघा. शेजारच्या काकूंना हाच आजार आहे. त्या रात्री उठून गार फरशीवर तळपाय दाबून उभ्या राहतात. खाजवून खाजवून त्यांची पाठ काळवंडली आहे. दोन खांद्यांच्या मधे हात पोचत नाही, तेवढाच तुकडा मूळ रंगाचा उरला आहे. ह्याला 'पित्त उठलं' म्हटलं की घरचे ॲलर्जीची गोळी देऊन मोकळे होतात, आणि तिचा इथे फारसा उपयोग नसतो.

होतं असं: यकृतातल्या अगदी बारीक पित्तनळ्यांच्या अस्तरावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते. नळ्या झिजतात, पित्त तुंबतं, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात. म्हणजे डॉक्टर म्हणाले ते पित्त खरंखुरं, यकृतातलं. पण रक्तात पित्तक्षार जास्त म्हणून खाज जास्त, असं सरळ गणित जमत नाही. 2010 साली ऑटोटॅक्सिन नावाचं एन्झाइम पुढे आलं. खाजेचा जोर त्याच्या पातळीशी बराच जुळतो.

आता खरी गंमत. पीबीसी म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. त्यातला 'सी' म्हणजे कोलँजायटिस, पित्तनळ्यांचा दाह, आणि त्यातलं 'कोल' म्हणजे ग्रीक 'खोले', पित्त. ह्या 'खोले'चं मूळ पिवळ्या-हिरव्या रंगाचं, आणि त्याच मुळातून संस्कृतात 'हरि', 'हरित' आणि 'हरिद्रा' आले. हरिद्रा म्हणजे आपली हळद! आईच्या फायलीवरचं ते अवघड नाव आणि मिसळणाच्या डब्यातली हळद ही सख्खी नाही तरी चुलत भावंडं. कोलेस्टेरॉलमधलं 'कोल'ही हेच. 2015 पर्यंत ह्या 'सी'चा अर्थ सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी निबर होणं, असा होता. बहुतेक रुग्णांना सिरोसिस नसतानाही तो शिक्का बसायचा आणि लोक दारूचा संशय घ्यायचे, म्हणून नाव बदललं. पण तो शब्दही रंगाचाच. लेनेक ह्या फ्रेंच वैद्याने 1819 मध्ये पिवळसर-तांबूस यकृत पाहून ग्रीक 'किर्रोस'वरून तो घडवला.

मग आपलं 'पित्त' कुठून आलं? सुश्रुतसंहितेत ते 'तप्' धातूवरून सांगितलं आहे, आणि व्याख्यानांतून आजही तेच ऐकवतात. सुश्रुताचा अधिकार शल्यकर्मात मला शिरसावंद्य, व्युत्पत्तीत अजिबात नाही. 'तप्'चा 'पित्' करायला अक्षरं उलटी करावी लागतात. एवढं चालवून घेतलं तर कुठल्याही शब्दातून कुठलाही शब्द काढता येईल. माझं मत ठाम आहे: पित्त 'पीत'च्या घरचं. पुरावा स्वयंपाकघरात आहे. पितळ! संस्कृतात पितळेला 'पित्तल' म्हणतात, जोड 'त्त'सकट. तापलेला धातू म्हणून ते नाव पडलेलं नाही, पिवळा धातू म्हणून पडलं आहे. ग्रीकांनी रंग पाहून नाव ठेवलं, आपणही रंग पाहूनच ठेवलं.

थकव्याबद्दलही विचारलं होतं. त्याला 'अशक्तपणा' म्हणू नका. तो शब्द ऐकला की लोक लाडू खाऊ घालतात. हा थकवा यकृत किती बिघडलं त्यावर ठरत नाही. यकृत बदललं तर खाज बहुधा थांबते, पण थकवा पुष्कळदा मागे राहतो. त्यात स्नायूंचा आणि मेंदूचाही हात दिसतो. 'गळून जाणे' हा तुम्ही स्वतःच वापरलेला शब्द उत्तम आहे, तोच ठेवा.

आणि खाजेसाठी 'कंड' म्हणा, संस्कृत 'कण्डू'वरून आलेला नेमका शब्द. पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगा: "रात्री तळहात-तळपायांना कंड सुटते, अंगावर गांधी नाहीत."