हिंदी चित्रपटगीतांच्या 'बिनाका गीतमाला' या रेडिओ कार्यक्रमाचे जुने भाग आज ऐकण्यात काय विशेष आहे? गाणी तर कुठेही मिळतात.

गाणी मिळतात हे खरे, पण त्या गाण्यांचा क्रम आणि त्या क्रमाची उत्कंठा या कार्यक्रमातच सापडते. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाल्यावर आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात निवेदक अमीन सयानी यांचा हा कार्यक्रम श्रीलंकेतील रेडिओ सिलोनवर सुरू झाला. ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती कोलंबोला जात आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता तीच गाणी शॉर्टवेव्हवरून भारतात परत येत. आरंभी सात गाणी कोणत्याही क्रमाने वाजवून श्रोत्यांकडून लोकप्रियतेचा क्रम मागवला जाई. तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांवर ठरणाऱ्या 'पायदानां'ची, म्हणजे क्रमांकांच्या पायऱ्यांची, पद्धत नंतर आली.

म्हणून ऐकताना केवळ पहिल्या क्रमांकाची वाट पाहू नये. तळाच्या पायदानांवर अशी गाणी भेटतात, जी त्या वर्षी घराघरांत गुणगुणली गेली आणि पुढे विस्मरणात गेली. निवडक गाण्यांच्या आजच्या संग्रहांत त्यांना जागा नसते, आणि मला तोच या श्रवणाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. 'गीतमाला की छाँव में' या नावाने सारेगामा या ध्वनिमुद्रण कंपनीने काढलेली मालिका हे मूळ प्रसारण नव्हे, तर सयानींनी नंतर घेतलेला मागोवा आहे. तोही जरूर ऐकावा, कारण 'बहनों और भाइयों' म्हणणारा तो आपुलकीचा स्वर त्यातही तसाच आहे.