आमची चार वर्षांची मुलगी "मी जातो, मी खातो" म्हणते. तिच्या विचारांवर परिणाम होईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलीची आज्जी कोल्हापूरची, तीच दिवसभर सांभाळते, त्यामुळं पोरगी "मी जातो, मी खातो" बोलायला लागली. आणि जशी भाषा तसे विचार असं कुठंतरी वाचल्यानं तुम्हाला भीती वाटतेय की ती स्वतःला मुलगा समजेल, नाहीतर मोठेपणी "पुरुषी" होईल. मी कोल्हापूरची, बाई आहे, दोन पोरांची आई आहे आणि हे उत्तर मी लिहितोय. आत्तापर्यंत काही झालेलं नाही.

चिडून लिहितोय असं वाटेल, तर हो, थोडा चिडलोय. हा प्रश्न मला तोंडावर ऐकवला गेलाय.

लग्न होऊन पुण्यात आलो ते पहिलं वर्ष. गौरी-गणपतीला सासरचं घर भरलेलं, मी आत पुरण वाटत होतो, बाहेरनं कुणीतरी हाक मारली तर सवयीनं ओरडलो, "आलो आलो, एवढं वाटून झालं की येतो!" स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका एकदम गप्प आणि मग जी हसाहस. तिथपर्यंत ठीक होतं, आमच्या बोलण्याला लोक हसतात हे माहीत होतं. पण नवऱ्याच्या आत्याबाई बाहेर जाऊन पुरुष मंडळींसमोर म्हणाल्या, "सूनबाईंना आधी बाईसारखं बोलायला शिकवा, जिभेला वळण नाही तर स्वभावाला कुठून येणार." नवरा हसला. रात्री मला म्हणाला, "शेवटचं एक अक्षर तर बदलायचंय, काय जातंय तुझं?"

बदललं की मग. येते, जाते, करते, सगळं ठरवून. बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवायला लागायचं, त्यामुळं बोलणंच कमी झालं, आणि ते बघून आत्याबाई खूश, "आता कशी सुधारली." एकदा आईचा फोन आला, जेवलीस का म्हणाली, मी म्हटलं "हो, जेवले." तर आई दबक्या आवाजात, "कोण बसलंय गं शेजारी?" त्या दिवशी सोडून दिलं. मला माझ्याच आईशी पाहुण्यासारखं बोलायचं नव्हतं.

पण आत्याबाईंनी काही सोडलं नाही. बाळंतपणानंतर मी परत नोकरीवर जातो म्हटलं तर "बोलणं पुरुषी, तसंच वागणं." घराच्या हप्त्याबद्दल मत दिलं, तेच. म्हणजे त्यांना खटकत होतं माझं मत, सापडत होतं व्याकरण.

बरं, व्याकरणच काढायचं तर काढू. आत्याबाई एकदा कौतुकानं सांगत होत्या, "आम्ही सगळ्याजणी तुळशीबागेत गेलो, तिथून सारसबागेत गेलो." मी विचारलं, आत्याबाई, "गेलो" कसं, सगळ्या बायकाच होतात ना? म्हणाल्या, "ते वेगळं." काय वेगळं ते आजतागायत सांगितलेलं नाही. प्रमाण मराठीतसुद्धा "आम्ही" आलं की बाई आणि पुरुष दोघं "जातो" आणि "गेलो"च म्हणतात. "उद्या जाईन" मध्ये बाई-पुरुष फरक नाही. "मी भाकरी खाल्ली" मध्ये क्रियापद भाकरीच्या मागं जातं, खाणाऱ्याचं लिंग कुणी विचारत नाही. आमच्याकडं फक्त एकट्या "मी"ला पण तेच रूप लावतात, बाकी "तू कधी आलीस" आणि "ती गेली" आमच्या घरात तुमच्यासारखंच बोलतात. काहीजण म्हणतात कन्नडच्या शेजारामुळं, कारण कन्नडमध्ये "नानु बरुत्तेने", म्हणजे "मी येतो", हे बाई म्हणते आणि पुरुषही म्हणतो. असेल. कारण काही असो, ती एका भागाची रीत आहे, आजार नाही.

आता आमच्या कोल्हापूरकरांना राग येईल असं बोलतो. आमच्यातले बरेच जण अभिमानानं सांगतात की ताराराणीचं गाव, म्हणून पोरी वाघिणीसारख्या, म्हणून "मी येतो". कावळा नाक्यावरच्या पुतळ्याचा मलाही अभिमान आहे, पण याचा त्याचा काय संबंध? माझी आज्जी जन्मभर "मी जातो" म्हणाली आणि माहेरी जायला दरवेळी आजोबांना विचारून गेली. पुरुषांची पंगत उठल्यावर जेवायची. शेत विकलं तेव्हा तिला शेजारणीकडनं कळलं. त्या "तो"नं तिला काय दिलं ते सांगा.

आणि उलटंही बघा. बंगालीत "से" म्हणजे तोही आणि तीही, क्रियापदाला लिंगच नाही, तरी इंग्रज गव्हर्नर जनरल बेंटिंकनं 1829 मध्ये कायदा करेपर्यंत तिथं बायका सती जात होत्या. गोव्याच्या कोंकणीत लहान-तरुण मुलीला "तें" म्हणतात, चक्क नपुंसकलिंग, मालवणीतलं "चेडू", म्हणजे मुलगी, तेही तसंच. पण त्याच गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या सिव्हिल कोडनं मुलीला मुलासारखा वाटा होता, आणि इकडं शुद्ध "ती" म्हणणाऱ्या महाराष्ट्रात हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत भावाच्या बरोबरीचा हक्क मिळायला 1994 उजाडलं, सगळ्या देशात 2005. प्रत्ययावरून बायकांची स्थिती ओळखता येत नाही.

भाषेतून पोरीच्या डोक्यात काही शिरतं का? शिरतं की. पण तुम्ही बघताय तिथून नाही. तुमची बायको तुम्हाला काय म्हणते, "अहो" ना? आणि तुम्ही तिला "अगं". आईला "तू" आणि बाबांना "तुम्ही" हे किती घरांत असतं, पोरं काय ते बघत नसतील? लग्नात उखाण्यात नाव घेताना सगळे टाळ्या वाजवतात, कारण एरवी नवऱ्याचं नाव तोंडात येता कामा नये अशी रीत. माझ्या घरात मी नवऱ्याला "अरे" म्हणायला लागलो तेव्हा आत्याबाईंनी "येतो-जातो"चा विषय कायमचा बाजूला ठेवला, कारण हे त्यांना त्याहून जास्त लागलं. बरोबर लागलं, खरी मेख तिथंच होती. तेव्हा मुलीची काळजी असेल तर आजपासून बायकोला म्हणा की मलाही अरे म्हण. बघा जमतं का.

आणखी एक, लहान मुलगे आईचं ऐकून "मी जाते" म्हणतात तेव्हा सगळं घर हसतं आणि लगेच दुरुस्त करतं. "बायकी" झाला तर कमीपणा, मुलगी "पुरुषी" झाली तर उद्धटपणा, म्हणजे दोन्हीकडनं मार बाईलाच.

आता तुमच्या वाचलेल्या सिद्धांताबद्दल. भाषा विचारांना साच्यात घालते हे व्हॉर्फच्या नावानं सांगतात, तो 1941 मध्ये वारला, नोकरी आगीच्या विम्याच्या कंपनीत करायचा आणि भाषांचा अभ्यास त्यातून वेळ काढून. त्याच्या नावावर खपणारं टोकाचं मत आज भाषाशास्त्रात फारसं कुणी मानत नाही. सौम्य परिणाम दिसतात, उदाहरणार्थ रशियनमध्ये गडद आणि फिक्या निळ्याला दोन स्वतंत्र नावं आहेत आणि 2007 च्या एका प्रयोगात ते लोक त्या दोन छटांतला फरक किंचित लवकर ओळखत होते. किंचित म्हणजे सेकंदाचा छोटासा भाग. त्यावरून तुमची पोरगी मुलगा होईल असं निघत नाही. मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही, बी.कॉम. आहे, पण एवढं कळतं.

शाळेचं म्हणाल तर पेपरात "जाते" लिहावं लागेल, मार्क कापतात. ते ती शिकेल. माझी पोरगी आजोळी "जातो", वर्गात "जाते", कुणी शिकवायला लागलं नाही. हां, शाळेत पोरं चिडवतात, माझ्या मुलीला चिडवलंय, ते खोटं नाही. तेव्हा घरचं बोलणं आणि शाळेचं बोलणं वेगळं असतं एवढं तिला आधीच सांगून ठेवा, हसून, रागावून नको.

आणि सासूबाईंना सुधारायला स्वतः जाऊ नका. त्या तुमचं पोर फुकट सांभाळतायत. बोलायचंच असेल तर बायकोला बोलू दे, तिची आई आहे, आणि ती बोलणार नाही बघा, कारण फोनवर तीसुद्धा "जेवलो"च म्हणत असणार.