दोन सोनोग्राफी, दोन वजने: बाळ खरोखर घटले का?

ताई, ३४व्या आठवड्यात दादरला बाळाचे वजन २.३ किलो आले आणि बाळंतपणासाठी माहेरी ठाण्याला गेल्यावर दहाच दिवसांत दुसऱ्या केंद्राने २.२ किलो सांगितले, म्हणून आपण बाळ घटल्याच्या काळजीत आहात. अनेक वर्षे हे रिपोर्ट लिहिणारी डॉक्टर म्हणून सांगते, या दोन आकड्यांवरून तसा निष्कर्ष निघत नाही.

सोनोग्राफीत वजन मोजले जात नाही. डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून मशीन ती मापे सूत्रात घालते. बहुतेक ठिकाणी ते १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले हॅडलॉक यांचे सूत्र असते. प्रत्यक्ष वजनाच्या तुलनेत असा अंदाज १० ते १५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, म्हणजे २.३ किलोच्या रिपोर्टमागचे बाळ दोन किलोचे किंवा २.६ किलोचेही असू शकते. या दहा दिवसांत साधारण पाव किलो वाढ अपेक्षित होती हे खरे, पण पहिला अंदाज थोडा वर आणि दुसरा थोडा खाली गेला असेल तर एवढी तफावत सहज पडते.

सर्वाधिक गडबड पोटाच्या घेरात होते. गर्भजल कमी असले, बाळ अंग मुडपून बसले असले किंवा मापासाठी पडद्यावर घेतलेला पोटाचा आडवा छेद (चित्र) किंचित तिरका गेला, तर हे माप बदलते आणि वजनही बदलते. तरीही मी रिपोर्टमध्ये प्रथम तेच पाहते, कारण बाळाला पोषण कमी पडू लागले की यकृतातील साठा व त्वचेखालची चरबी कमी होऊन त्याचा परिणाम बहुधा तिथे आधी दिसतो.

म्हणून दुसरा रिपोर्ट बाजूलाही टाकू नये. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून पोटाच्या घेराची वाढ, गर्भजल आणि नाळेचा डॉपलर, म्हणजे नाळेतील रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, यांबद्दल विचारावे. डॉपलर लवकर करायचा का, हे त्या ठरवतील. वाढीची तुलना मात्र किमान दोन आठवड्यांच्या अंतराने आणि शक्यतो त्याच केंद्रात, त्याच डॉक्टरांकडून करून घ्यावी. बाळाची हालचाल कमी वाटली, तर पुढील तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, तत्काळ रुग्णालयात जावे.